बिननावाची घागर

२ मार्च २०२५

प्रेमराज,

तुझी खुशाली विचारायला हे लिहीत नाहीये. तू बराच असशील, तिकडे युरोपात सगळे बरेच असतात. कागदावर लिहून त्याचा फोटो पाठवतेय, कारण फोन केला की तू "अक्का, मुद्द्याचं बोल" म्हणतोस आणि मी फोन आपटते. मोबाइलवर बोटानं टाइप करत बसलं तर निम्मा राग वाटेतच गळून जातो. मला तो सगळाच्या सगळा पोचवायचाय.

मुद्दा असा, की नानांना काहीतरी होतंय आणि तू यायला हवंस.

काहीतरी म्हणजे काय, तेही सांगते. पिठाची गिरणी अजून तिथंच आहे, ओसरीला लागून. दुपारी लाइट जाते, गिरणी थांबते. मग मी ओसरीवर आडवी होते, नाना आतल्या खोलीत बाजेवर. गिरणीचं पीठ उडून घरभर फरशीवर बसतं, कितीही झाडा. परवा लाइट आली म्हणून उठले, तर त्या पिठात ओल्या पावलांचे ठसे. मागच्या पडवीतल्या घागरीपासून निघालेले, थेट नानांच्या बाजेपर्यंत. परतीचे नाहीत. नानांचे पाय पाहिले तर कोरडे. शिवाय नानांची पावलं रुंद, फाकलेल्या बोटांची, जन्मभर चप्पल न घातलेल्या माणसाची. हे ठसे लांबट होते, तरण्या माणसाचे. मागच्या दाराला आतून कडी होती. ती मीच घातलेली.

मी काही घाबरले नाही. फडकं घेतलं आणि पुसून टाकलं.

आपल्या निंबाखाली गेलेल्या त्या माणसाचं तुला तेव्हा कळवलं होतं, पण तू लक्ष दिलं असशील असं वाटत नाही. दोन वर्षं झाली, माय गेली तोच उन्हाळा. मायचा दहावा तू मोबाइलवर पाहिलास. तिकडे तुझी परिषद होती, "दूरच्या माणसांबद्दल आपली जबाबदारी". विषय माझ्या चांगला लक्षात आहे. त्यानंतर थोड्याच दिवसांत भर दुपारी धुळे रस्त्यावरून एक माणूस चालत आला आणि आपल्या दारच्या निंबाखाली बसला. तिशीचा असेल. अंगात फणफणून ताप. मराठी येत नव्हतं, हिंदी दोन-चार शब्द. हातात सुतळी बांधलेला निळा प्लास्टिकचा डबा, रिकामा. नानांनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि तांब्या तोंडाला लावला. अर्धा तांब्या प्यायला. नानांचा हात घट्ट धरून काहीतरी बोलत राहिला, पुन्हा पुन्हा तेच. मग बोलायचा थांबला.

पोलीस पाटील कौतिकभाऊ आले, पोलीस आले, पंचनामा झाला. खिशात एक कागद नाही. कुणी विचारत येईल म्हणून वाट पाहिली, कुणी आलं नाही, तेव्हा बेवारस म्हणून धुळ्याला माती दिली. नाना टेम्पोत बसून सोबत गेले होते. मी म्हटलं, घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं. मायचं अजून सरलं नव्हतं आणि हे कशाला अंगावर घेताय? तो निळा डबा तेवढा नानांनी मागून घेतला आणि पडवीत खुंटीला टांगला.

मग आखाजी आली, अक्षय तृतीया. तिकडे राहून विसरला असशील म्हणून सांगते. आखाजीला घरातल्या मेलेल्या माणसाची घागर भरायची, वर डांगर म्हणजे खरबूज ठेवायचं, चुलीतल्या निखाऱ्यावर पुरणपोळी-तुपाची आगारी टाकायची आणि ज्याची घागर त्याचं नाव घ्यायचं. मायची ती पहिली घागर. पण नाना कुंभाराकडून दोन घेऊन आले. मायचं नाव घेऊन झालं, दुसऱ्या घागरीपुढे बसले आणि नावच आठवेना. आठवणार कुठून, माहीतच नव्हतं! शेवटी म्हणाले, "अन तो." आणि आगारी टाकली.

शेजारची भिकुबाई पाटावर बसली होती. तिनं कपाळावर हात मारून घेतला. "बिननावनी घागर भरी दिनी, रुपचंदभाऊ? आते कोन येई अन कोन बशी, काय सांगता येस?"

तेव्हा मी हसले होते.

ये, एवढंच म्हणणं आहे.

उषाअक्का

१५ मार्च, धुळवडीचा दुसरा दिवस

प्रेमराज,

तुझं उत्तर पोचलं. "वयानुसार होणारा विसराळूपणा, चांगल्या डॉक्टरला दाखव, मदतीला बाई ठेव, मी व्यवस्था करतो." उंटावरून शेळ्या हाकणं तुझ्याकडून शिकावं. जळगावला नेऊन आणलं त्यांना. डॉक्टर भला माणूस आहे. त्यानं नानांना वार विचारला, तालुका विचारला, मुलांची नावं विचारली. सगळं बरोबर सांगितलं. वर डॉक्टरलाच विचारलं, "तुमनाकडे कापूसले काय भाव शे?" डोकं ठीक आहे म्हणाला. वजन मात्र फार उतरलंय, म्हातारबोवा इतकी कसली मेहनत करतात, असं मला विचारलं. मी काय सांगणार? दिवसभर बाजेवर असतात म्हटलं.

ते खोटं होतं. दिवसभर नसतात.

होळीच्या दुपारी लाइट गेली तेव्हा मी मुद्दाम झोपले नाही. ओसरीवर डोळे मिटून पडून राहिले. गिरणी थांबली की घर किती गप्प होतं ते तुला माहीत नाही. पत्रा तडतडतो तेवढाच. बऱ्याच वेळानं पडवीत घागरीवरचं झाकण हललं. मग कुणीतरी पाणी प्यायलं, घटाघट, फार दिवसांचा तहानलेला पितो तसं. मग आतली बाज करकरली. करकर थांबेपर्यंत मी पडून राहिले. उठले तेव्हा आत बाज रिकामी होती. रिकामी म्हणजे नाना नव्हते. दोऱ्या मात्र मधोमध खाली गेलेल्या होत्या, कुणी कुशीवर निजलं की जातात तशा. पुढच्या दारात मीच होते, मागच्या दाराला आतून कडी. खुंटीवर निळा डबा नव्हता.

मी तिथंच भिंतीला टेकून बसले. आरडाओरडा करायला हवा होता, केला नाही. लाइट आली, गिरणीचा दिवा लागला, आणि बाजेवर नाना बसलेले. धोतर गुडघ्यापर्यंत ओलं. पायांना लाल चिखल, मऊ, कुंकवासारखा. प्रेमराज, आपल्याकडे लाल माती कुठंय? अमळनेरपासून धुळ्यापर्यंत बघ, सगळी काळी. आणि मार्च महिन्यात चिखल?

"नाना, कठे व्हतात तुम्ही?"

"पानी भराले."

"कोना घर?"

माझ्याकडे असे पाहत राहिले, जणू मीच काहीतरी वेडगळ विचारलंय. "तठे नळ लांब शे, बेटा. बठ्ठा लोके रांगमा उभा ऱ्हातस. तिना गुडघा धरी ऱ्हायनात."

"तिना म्हणजे कोना?"

यावर जे बोलले ते आपल्या भाषेतलं नव्हतं. अहिराणी नाही, हिंदी नाही, कुठलंच नाही. सरळ, न अडखळता, पाठ केलेलं म्हणावं तसं. ऐकता ऐकता लक्षात आलं, मी ते आधी ऐकलं होतं. निंबाखाली तो माणूस हेच बोलत होता, याच चालीत.

भिकुबाईला सांगितलं. ती म्हणते, मेलेल्याला आपल्या मनानं घरी जाता येत नाही, जिथं घागर भरली तिथंच तो येतो. हा इथं येऊन पाणी पितो, नानांच्या जागी निजतो, आणि नाना त्याच्या जागी तिकडे जाऊन उभे राहतात. रोजची अदलाबदल. आणि अशी अदलाबदल फार दिवस चालली, की एक दिवस जो तिकडे गेलाय तो तिकडेच राहतो. उपाय एकच. या आखाजीला त्याचं खरं नाव घेऊन आगारी टाकायची आणि म्हणायचं, जा बाबा, सुखानं जा. मग तो जातो, वाट बंद होते, येणं नाही आणि जाणं नाही.

तू हसशील. खुशाल हस. पण मला त्याचं नाव पाहिजे. हरवलेल्या माणसांची नावं शोधणाऱ्यांत तुझी ऊठबस आहे, तू मागे फोटोही दाखवला होतास. नानांचं ते बोलणं मी मोबाइलवर रेकॉर्ड करून सोबत पाठवलंय. एक बरं, आवाज तरी तुला म्हाताऱ्याचा भास वाटणार नाही. ऐक आणि सांग, ही भाषा कुठली?

उषाअक्का

२९ मार्च

प्रेमराज,

तुझा निरोप वाचला. पुन्हा वाचला. मग गिरणी बंद करून दार लावून घेतलं आणि रडले. हे तुला सांगायचं नव्हतं, पण आता लिहून गेलं.

म्हणजे ती खरी भाषा आहे. तुझ्या ऑफिसातल्या मुलीनं पहिल्या वाक्यालाच ओळखली, तिच्या आजीची भाषा म्हणून. आणि नाना जे बोलतात तो मंत्र नाही, साधा पत्ता आहे. समुद्राकाठच्या डोंगरावरची छावणी, खालच्या नळापासून वर चढत जा, फणसाच्या झाडाशी वळ, निळ्या ताडपत्रीचं घर, माझी आई आमिना, तिला सांग नूर पाणी घेऊन येतोय.

नूर. दोन वर्षं माझ्या घरात पाणी पितोय आणि आज मला त्याचं नाव कळलं.

तू पुढे लिहिलंस ते मी नीट वाचलं हो, आळस केला नाही. त्या छावणीतल्या माणसांना कुठलाच देश आपलं म्हणत नाही. माणूस म्हणून हक्क सगळ्यांना आहेत असं जगानं लिहून ठेवलंय, पण ते मागायला कुणाचं दार ठोठावायचं हे कुणी लिहिलेलं नाही. देश असलेल्याला देशाचं दार असतं, नूरसारख्याला कुठलंच नाही. तू छान लिहितोस. मला पटलंसुद्धा. "अशा माणसाची जबाबदारी साऱ्या जगाची असते" इथं आल्यावर मात्र मी थांबले. सारं जग म्हणजे कोण रे? बारभाईची खेती, काय लागेल हाती! तो साऱ्या जगाच्या दारात नव्हता बसला. आपल्या निंबाखाली बसला होता.

आपल्या गावात नवा माणूस दिसला की पहिला प्रश्न ठरलेला, "तू कोना शे?" कोणाचा मुलगा, कोणाचा जावई, कोणत्या गावचा. मग पाणी. त्या दिवशी नानांनी तेवढं विचारलं नाही. मी ओसरीवरून पाहत होते. आधी पाणी पाजलं, आणि विचारायचं राहून गेलं. सगळं त्या एका राहिलेल्या प्रश्नातून झालंय, असं मला वाटतं. पण विचारला असता तर त्याला उत्तर देता आलं असतं का? तू म्हणतोस तो कुणाचाच नव्हता.

आणि आता माझं ऐक. एका अनोळखी म्हातारीचं घर शोधायला तू पंधरा दिवसांत अख्खं ऑफिस कामाला लावलंस. बाप इकडे वाळून काडी झालाय, त्याच्यासाठी तुला तिकीट मिळत नाही. लांबचं दिसतं तुला, जवळचं दिसत नाही. चष्मा बदल.

आता पिठात पावलांच्या दोन जोड्या उमटतात. लांबट पावलं आत येतात, रुंद पावलं बाहेर जातात, भिंतीपर्यंत. भिंतीपाशी संपतात. मी पुसायचं सोडून दिलंय.

आखाजी ३० एप्रिलला आहे.

उषाअक्का

१७ एप्रिल

प्रेमराज,

तुझा आवाज कापत होता काल. लहानपणी विहिरीत पडता पडता वाचलास, तेव्हाही असाच बोलत होतास. म्हणून मी फोन आपटला नाही. पण जे म्हणायचं होतं ते फोनवर जमलं नाही, म्हणून लिहिते.

आमिना सापडली. तिला मुलगा गेल्याचं तुमच्या माणसानं सांगितलं. ती म्हणाली, मला माहीत होतं. आणि मग म्हणाली, पण पाणी येतं. नूर कामाच्या शोधात गेला तेव्हापासून तिचे हाल होते. नळ डोंगराच्या पायथ्याशी, गुडघे गेलेले, शेजाऱ्यांपुढे डबा धरून बसायची. दोन वर्षांपासून रोज दुपारी निळा डबा भरून दाराशी येतो. एक म्हातारा आणतो. डोक्यावर पांढरी टोपी, कमरेला धोतर, पाय उघडे. त्याची भाषा तिला कळत नाही. ती त्याला मीठ-भात देते, तो उंबऱ्यावर बसून खातो, "घे माय" असं काहीतरी म्हणतो आणि उतरून जातो. छावणीतल्या बाकीच्यांनीही पाहिलाय. रांगेत उभा असतो, कुणाला ढकलत नाही, कुणी पुढे घुसलं तर मात्र भांडतो.

भांडतो हे ऐकलं आणि माझी खात्रीच पटली. रेशनच्या दुकानात कसे भांडायचे, आठवतं?

आता तुझं म्हणणं. "अक्का, तू नाव घे. आखाजीला नाव घेऊन मोकळी हो. नानांना परत आण, बाकी मी बघतो." प्रेमराज, हे तू म्हणालास! तू! माणूस जवळचा म्हणून त्याचं दुःख मोठं आणि लांबचा म्हणून लहान असं काही नसतं, अशी भाषणं करत तू जगभर हिंडलास. तुझी ती इंग्रजी पुस्तकं मायच्या फोटोखाली मांडून ठेवली आहेत मी, आल्यागेल्याला दाखवते. आणि बापावर आलं तर म्हणतोस वाट बंद कर. मला हसू आलं, आणि बरंही वाटलं. म्हटलं, पोरगा अजून आपला आहे.

मी काय करू ते सांगते आता. नानांनी काल चार घासांत ताट सारलं. खांद्याला डब्याच्या सुतळीचा वळ आहे, लाल, खोल. मी तेल चोळलं. म्हटलं, "नाना, आते बस करा. तुमनं वय शे का हाई?" तर म्हणाले, "मंग तिले पानी कोन भरी?"

तेच मी तुला विचारलं, तर तू म्हणालास अर्ज केलाय, वरच्या लोकांपुढे विषय ठेवलाय, त्या उतारावर नवा नळ घ्यायचं विचाराधीन आहे. विचाराधीन! म्हातारीला तहान आज लागते.

पण ऐक. मी संत नाही. नांदून परत आले तेव्हा अख्खं गाव तोंड फिरवून बसलं होतं, आणि याच बापानं मला गिरणी घालून दिली, म्हणाला, "पोरी, कोणापुढे हात पसरू नको." माझं या जगात ते एकच माणूस आहे. तू लांब, माय गेली. नाना गेले तर या घरात मी आणि चाललेली नाहीतर थांबलेली गिरणी. मला नाना पाहिजेत. त्या आमिनाचं वाईट वाटतं, पण मला माझा बाप पाहिजे.

मी नाव घेणार आहे. भिकुबाईला सांगून टाकलं. कुंभाराला घागर सांगितली. आमिनाचं काय करायचं ते तुझ्या परिषदेनं बघावं.

उषाअक्का

३० एप्रिल, आखाजी

प्रेमराज,

सावकाश वाच. मीही सावकाश लिहितेय.

सकाळी पुरण वाटलं, रस काढला. मायची घागर भरली. नूरची नवी घागर भरली, वर डांगर ठेवलं. नाना अंघोळ करून नवी टोपी घालून बसले होते, हसतमुख. मी ठरवलं होतं, लाइट जायच्या आत आगारी टाकायची, म्हणजे नाना इथं असतानाच वाट बंद. पण निखारे नीट फुलेनात. भिकुबाई फुंकणी घेऊन बसली, डोळ्यांतून पाणी, तोंडानं माझ्या गौऱ्यांना शिव्या. तेवढ्यात लाइट गेली. आज सणाचं दळण कसलं, पण दिवा लावून ठेवला होता, तो गेला.

मी मागे वळून पाहिलं. पाटावर नाना नव्हते. टोपीही नव्हती. खुंटीवर डबा नव्हता.

"ऱ्हाऊ दे," भिकुबाई म्हणाली. "आते नाव लेवो नको. तो येवा दे, मंग ले." आत्ता नाव घेतलं तर नाना तिकडच्या बाजूला राहतील, हे तिला सांगावं लागलं नाही. आम्ही दोघी तूप वितळवत बसलो. लाइट आली. दिवा लागला. रोज दिवा लागला की नाना बाजेवर असतात. आज बाजेवर दोऱ्या मधोमध खाली गेलेल्या, आणि वर कुणी दिसत नाही.

ऊन कलंडलं. गावात झोक्यावर पोरी गाणी म्हणत होत्या, आखाजीला आलेल्या. मी दहा वेळा पडवीत जाऊन आले. भिकुबाई रडायलाच लागली. म्हणाली, "उषा, आते नाव ले. वढी ले तुना बापले. कदाचित येई." मग मी चमच्यात तूप घेतलं, निखाऱ्यापुढे बसले. नाव माझ्या जिभेवर आलं होतं. पुढचं म्हणायचं होतं, जा. एवढंच. तेवढ्यात मोबाइलवर तू पाठवलेला आवाज आला, आमिनाचा. आधी ती बोलते, मला न कळणारं, मग मागे माणसांचा गलका, डब्यांचा खणखणाट, कुणीतरी भांडतंय. आणि मग अगदी फोनच्या जवळ, दम लागलेला, आपला म्हातारा:

"उषा, तू जेवी ले. अठे रांग मोठी शे."

तूही ऐकलं असशील. तूच पाठवलंस.

चमचा माझ्या हातात होता. मी जा म्हणाले नाही. प्रेमराज, मला जमलंच नाही. मी जा म्हटलं असतं तर रांगेत उभ्या असलेल्या माझ्या बापाच्या हातातला डबा खाली पडला असता, आणि ती म्हातारी उंबऱ्यावर बसून राहिली असती. कदाचित नाना परत आलेही असते. कदाचित नसते. ते मला कधीच कळणार नाही. भिकुबाई कपाळाला हात लावून घरी गेली. जाताना म्हणाली, "पागल शे तू, बापनामायेक." बापासारखीच म्हणे.

खूप रडले. मोठ्यानं रडले, गल्लीला ऐकू जाईल असं. नाना, नाना म्हणून. मग तोंड धुतलं.

आता तुला एक काम सांगते आणि हे शेवटचं भांडण. तू इकडे येऊ नकोस. काढलेलं तिकीट रद्द कर. तिकडे जा, त्या डोंगरावर. तुझे कागद चालतात, तुला कोणी अडवणार नाही. नळाच्या रांगेत बघ, पांढरी टोपी दिसेल, आज नवीनच घातली आहे. पाया पड. त्यांच्या हातातला डबा घे आणि वर चढ, फणसाच्या झाडाशी वळ. म्हातारा थकलाय. भाषण करू नकोस, त्यांना ते आवडत नाही.

मी एकटी आहे म्हणून काळजी करू नकोस. मघाशी ताट वाढायला घेतलं, तर सवयीनं दोन वाढली गेली. एक काढून ठेवणार होते. मग आतल्या खोलीच्या दारात उभी राहिले आणि दोन वर्षांत पहिल्यांदा त्या बाजेकडे सरळ पाहिलं. आगारीला म्हणायचं राहिलेलं नाव तोंडात तसंच होतं. म्हटलं, "नूर, ऊठ. जेवायला चल, पुरण गार होतंय."

बाज करकरली.

आता थांबते. न्हाणीत पाण्याचा आवाज येतोय, हात धूत असेल.

उषाअक्का